‘बोर्ड’ दिसला की आधी शेजारी बघा

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पत्राचा अनुवाद करताना मी लिहिलं होतं, ‘अध्यक्ष मंडळावर आहेत.’ मूळ वाक्य होतं, ‘द चेअरमन इज ऑन बोर्ड.’ माझ्या वाक्याचं व्याकरण बिनचूक होतं, अर्थ मात्र साफ चुकलेला. पत्र लिहिणाऱ्याला सांगायचं होतं की अध्यक्षांचा या प्रस्तावाला होकार आहे. गंमत अशी की चूक कोणाच्या लक्षातच आली नाही, कारण अध्यक्ष मंडळावर असतातच. पुढे बैठकीत ‘अध्यक्षांची संमती घेतलीच कुठे?’ असा वाद झाला, तेव्हा कागद उलटून बघताना माझा मलाच घाम फुटला.

नोकरीच्या एका जाहिरातीत ‘निवास व मंडळ मोफत’ असंही मी वाचलं आहे. तिथे मूळ शब्द होते ‘रूम अँड बोर्ड’, म्हणजे राहणं आणि जेवण. मंडळ मोफत मिळत असतं तर कितीतरी लोकांनी अर्ज केले असते.

शब्दकोशात ‘बोर्ड’ काढला तर अर्थांची लांबलचक रांग लागते. ती पाठ करायच्या भानगडीत पडू नका. या शब्दाचे अर्थ वरवर विखुरलेले वाटले तरी ते दोन-तीन वाटांनीच गेले आहेत, आणि आपण कुठल्या वाटेवर आहोत ते बहुतेक वेळा शेजारचा एखादा चिमुकला शब्द सांगतो. मी वापरतो ती रीत पायरीपायरीने देतो.

पायरी पहिली: मूळ चित्र डोळ्यासमोर आणा

जुन्या इंग्रजीतल्या ‘बोर्ड’मध्ये दोन जर्मॅनिक शब्द एकमेकांत मिसळलेले दिसतात. एकाचा अर्थ लाकडाची चिरलेली फळी, दुसऱ्याचा कड किंवा काठ, विशेषतः जहाजाची बाजू. जहाजाची बाजू फळ्यांचीच असल्यामुळे बोलणाऱ्यांना हे दोन शब्द वेगळे ठेवायची गरज वाटली नसावी. यातला ‘कड’ अर्थाचा शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून ‘बॉर्डर’ होऊन इंग्रजीत परत आला.

मराठी माणसाला हे चित्र परकं वाटू नये. संस्कृतात ‘फलक’ म्हणजे फळी, लिहायची पाटी, सोंगट्यांचा पट आणि ढालसुद्धा. जुन्या इंग्रजीतल्या ‘बोर्ड’लाही ढाल हा अर्थ होता. आपला फळा, फळी, फलक ही सगळी एकाच घरातली मंडळी. शिवाय आपण ‘मधल्या फळीतले फलंदाज’ म्हणतो, ‘कार्यकर्त्यांची फळी’ म्हणतो, म्हणजे फळीची माणसं आपल्याकडेही झाली आहेत. फरक एवढाच, की मराठीतल्या फळीची माणसं रांगेत उभी असतात आणि इंग्रजीतली टेबलाभोवती बसलेली असतात.

पायरी दुसरी: फळीचं टेबल कसं झालं ते समजून घ्या

निम्मे अर्थ या एका पायरीवर सुटतात, म्हणून इथे जरा थांबू.

मध्ययुगीन युरोपात जेवणाचं टेबल म्हणजे अनेकदा घोड्यांवर टाकलेली लांब फळी असे. घोडे म्हणजे अर्थातच लाकडी, सुतार वापरतात तसे. जेवण झालं की फळी उचलून भिंतीला लावायची. त्यामुळे फळी म्हणजे टेबल, आणि लवकरच टेबलावरचं जेवण म्हणजेही ‘बोर्ड’. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांत नवरा-बायकोंना वेगळं राहण्याची परवानगी देताना ‘बेड अँड बोर्ड’पासून विभक्त असा शब्दप्रयोग असे. मूळ लॅटिन ‘आ मेन्सा एत थोरो’, आणि ‘मेन्सा’ म्हणजे टेबल. लग्न पूर्ण मोडायचं नाही, पण अंथरूण आणि ताट वेगळं करायचं. 1857 च्या कायद्याने त्याची जागा ‘न्यायिक विभक्तता’ या नव्या शब्दाने घेतली.

जेवणाचा हा अर्थ आज हॉटेलांच्या भाषेत ठणठणीत जिवंत आहे. ‘फुल बोर्ड’ म्हणजे खोलीच्या भाड्यात तिन्ही वेळचं खाणं. ‘हाफ बोर्ड’ म्हणजे सकाळची न्याहारी आणि एक मुख्य जेवण, बहुधा रात्रीचं. पैसे देऊन कोणाकडे राहणारा-जेवणारा तो ‘बोर्डर’. आपण वसतिगृहाला ‘बोर्डिंग’ म्हणतो तेव्हा त्या शब्दात खरं तर पंगत लपलेली असते, खाट नव्हे.

त्याच टेबलाभोवती कारभाराची माणसं बसू लागली आणि सोळाव्या शतकापर्यंत त्या बसलेल्या माणसांनाच ‘बोर्ड’ म्हणायला लागले. फर्निचरवरून संस्थेचं नाव पडणं ही युरोपातली जुनीच खोड आहे. इटालियनमधल्या बाकावरून बँक आली. फ्रेंचमध्ये लिहायच्या मेजावर अंथरायचं जाडंभरडं कापड होतं, त्या कापडावरून मेजाला आणि मेजावरून कचेरीला ‘ब्यूरो’ हे नाव मिळालं. न्यायाधीशांचं ‘बेंच’ तर आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो.

टेबलावर पत्तेही खेळले जात. हात टेबलाच्या वर ठेवून खेळणारा फसवत नाही, म्हणून ‘अबव्ह बोर्ड’ म्हणजे उघड, सरळ, लपवाछपवी नसलेला व्यवहार. टेबलावरची सगळी बाजी जिंकली तर ‘स्वीप द बोर्ड’, म्हणजे सगळी बक्षिसं एकानेच नेणं.

पायरी तिसरी: शेजारचा चिमुकला शब्द तपासा

माझी चूक इथे झाली होती. ‘ऑन बोर्ड’ आणि ‘ऑन द बोर्ड’ यांच्यात फक्त एका ‘द’चा फरक आहे, आणि तो ‘द’ सगळा संसार बदलतो.

मध्ये काहीच नसेल, नुसतं ‘ऑन बोर्ड’ असेल, तर विचार जहाजाचा. मूळ अर्थ जहाजावर, मग गाडीत, विमानात, अवकाशयानात. यातूनच ‘आपल्याबरोबर असणं’, म्हणजे प्रस्तावाशी सहमत असणं. ‘इज शी ऑन बोर्ड विथ द प्लॅन?’ याचं चांगलं मराठी ‘योजनेला तिचा होकार आहे का?’ इतकं साधं आहे. ‘ती योजनेच्या पाठीशी आहे का’ हेही चालेल. ‘टेक ऑन बोर्ड’ म्हणजे सूचना मनावर घेणं, लक्षात घेणं. इथे एक बारकावा आहे: ‘वी विल टेक युअर कॉमेंट्स ऑन बोर्ड’ असं म्हणणाऱ्याने सूचना मान्य केलेली असतेच असं नाही. पुष्कळदा ते ‘बघू’चंच सभ्य रूप असतं.

‘ऑन द बोर्ड’ दिसलं तर कर्ता बघा. कर्ता माणूस असेल तर तो संचालक मंडळाचा सदस्य. कर्ता नाव, आकडा किंवा सूचना असेल तर ती फळ्यावर किंवा फलकावर. कर्ता घोडा किंवा उंट असेल आणि आसपास प्यादी दिसत असतील, तर बुद्धिबळाचा 64 घरांचा पट. ‘शी सिट्स ऑन अ बोर्ड’ वाचून ती फळीवर बसली आहे असं समजू नका. ‘सिट ऑन’ आणि ‘सर्व्ह ऑन’ ही क्रियापदं मंडळाची खूण आहेत.

अनेकवचन झालं की पुन्हा नवं चित्र. ‘ऑन द बोर्ड्स’ म्हणजे रंगमंचावर, कारण रंगमंच फळ्यांचा. ‘ट्रेड द बोर्ड्स’ (इथे ‘ट्रेड’ म्हणजे पाऊल टाकणं, व्यापार नव्हे) म्हणजे नाटकात काम करणं. पण तोच माणूस ‘ऑन सेव्हरल बोर्ड्स’ असेल तर तो नट नाही, अनेक कंपन्यांचा संचालक आहे.

‘ॲट द बोर्ड’ म्हणजे बहुधा फळ्यासमोर, हातात खडू घेऊन. ‘बिफोर द बोर्ड’ म्हणजे मंडळापुढे, बहुधा खुलासा द्यायला.

‘ऑनबोर्ड’ असं जोडून लिहिलं की ते विशेषण: ‘ऑनबोर्ड कॉम्प्युटर’ म्हणजे वाहनातच बसवलेला संगणक. कार्यालयांत त्याचं क्रियापदही झालं आहे. नव्या माणसाला कामाची, नियमांची, सहकाऱ्यांची ओळख करून देऊन रुळवणं म्हणजे ‘ऑनबोर्डिंग’. ‘नवागताला रुळवणं’ हा मराठी प्रयोग मला त्यापेक्षा गोड वाटतो, पण तो मजकुरात घातला की परत आलेल्या प्रतीत हटकून खोडलेला असतो.

मंडळ या अर्थी आणखी एक अडचण येते ती क्रियापदाची. ‘द बोर्ड हॅज डिसायडेड’ की ‘हॅव डिसायडेड’? अमेरिकेत एकवचनच चालतं. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही: मंडळ एक संस्था म्हणून बोलत असेल तर एकवचन, सदस्यांची डोकी मोजायची असतील तर अनेकवचन. तुम्ही लिहिणार असाल तर एकवचन धरा आणि पूर्ण मजकुरात तेच पाळा.

पायरी चौथी: जोडशब्द शेवटाकडून वाचा, पण त्यावर विसंबू नका

इंग्रजी जोडशब्दात सहसा शेवटचा भाग जात सांगतो आणि पहिला प्रकार. ब्लॅकबोर्ड हा काळा बोर्ड, सर्फबोर्ड हा लाटांवर स्वार व्हायचा बोर्ड, कार्डबोर्ड म्हणजे पुठ्ठा. हे सोपे. अवघड ते, ज्यांच्यातली फळी केव्हाच निघून गेली आणि नाव मागे राहिलं.

डॅशबोर्ड घ्या. घोडागाडी हाकणाऱ्याच्या पायांसमोर एक उभी फळी असे, लाकडाची किंवा चामड्याची. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये एवढंच तिचं काम. ‘डॅश’ म्हणजे इथे जोरात उडणं, आदळणं. मोटार आली, घोडा गेला, चिखल उडवणारं पुढे कोणी उरलं नाही, पण चालकासमोरची ती जागा राहिली आणि तिच्यावर वेग आणि इंधन दाखवणारे काटे बसले. मग संगणकाच्या पडद्यावर आलेख आणि आकडे एकत्र दाखवणाऱ्या पानालाही तेच नाव मिळालं. आज विक्रीचे आकडे ‘डॅशबोर्डवर’ बघणारा माणूस शब्दशः चिखलरोधक फळीकडे बघत असतो.

स्टारबोर्डचा ताऱ्यांशी काही संबंध नाही. पहिला भाग ‘स्टीअर’, म्हणजे सुकाणू धरून वळवणं. उत्तर युरोपातल्या जुन्या जहाजांचं सुकाणू मागे मधोमध नसे, उजव्या बाजूला बांधलेलं मोठं वल्हं असे. म्हणून उजवी बाजू सुकाणूची. सुकाणू धरणाऱ्याची पाठ डावीकडे होई, म्हणून डावी बाजू ‘बॅकबोर्ड’. नवव्या शतकात ओहथेरे नावाच्या नॉर्वेजियन दर्यावर्द्याने इंग्लंडातल्या राजा आल्फ्रेडला आपली सफर सांगितली, ती जुन्या इंग्रजीत टिकून आहे, आणि तिच्यात ही जोडी सापडते: स्टारबोर्डला ओसाड किनारा, बॅकबोर्डला मोकळा समुद्र. जर्मनमध्ये डाव्या बाजूला अजून ‘बाकबोर्ड’च म्हणतात. इंग्रजीत मात्र पुढे ‘लारबोर्ड’ आला, आणि वादळात ‘स्टारबोर्ड’ की ‘लारबोर्ड’ हे ओरडून सांगणं किती धोक्याचं असेल ते तुम्हीच मोठ्याने म्हणून बघा. ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये ‘लारबोर्ड’ काढून टाकला आणि ‘पोर्ट’ हा शब्द अधिकृत केला. सुकाणू उजवीकडे असल्याने जहाज धक्क्याला डाव्या अंगाने लावत, त्यावरून पोर्ट.

कपबोर्ड मुळात पेले मांडून ठेवायची उघडी फळी. आता तिला दारं आली आणि उच्चार ‘कबर्ड’ झाला. लिहिलेलं बघून ‘कपबोर्ड’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपल्या ‘कपाट’शी त्याचं नातं जोडायचा मोह होतो, पण कपाट संस्कृतातून आलं आहे आणि तिथे त्याचा अर्थ दाराची झडप.

ब्रेडबोर्डचा किस्सा मला सगळ्यांत आवडतो. रेडिओ घरी जुळवणाऱ्या हौशी लोकांनी स्वयंपाकघरातली पाव कापायची फळी उचलली, तिच्यावर खिळे ठोकले आणि तारा गुंडाळून विजेचं मंडल, म्हणजे सर्किट, जुळवून पाहिलं. आज इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांच्या हातात छिद्रांचा पांढरा प्लास्टिकचा ठोकळा असतो, डाग न देता, म्हणजे सोल्डर न करता, तारा खुपसायचा. नाव अजून ब्रेडबोर्डच.

‘साउंडिंग बोर्ड’ म्हणजे चर्चमध्ये प्रवचनकाराच्या डोक्यावर, आवाज श्रोत्यांकडे परतवण्यासाठी लावलेली फळी. माणसाला हा शब्द लावला तर ज्याच्यासमोर आपला विचार बोलून पाहावा आणि तो कसा ऐकू येतो ते तपासावं, असा माणूस. याला नेमका मराठी शब्द मला आजवर मिळालेला नाही. वाक्य मोडून ‘काही सुचलं की मी आधी तिला ऐकवतो’ असं लिहिणं बरं.

पायरी पाचवी: नाम आहे की क्रियापद?

क्रियापद असेल तर गाडीत किंवा विमानात चढणं हा रोजचा अर्थ. इथे एक नेहमीची चूक: ‘बोर्ड’ क्रियापदानंतर ‘ऑन’ किंवा ‘इन’ लागत नाही. ‘आय बोर्डेड द ट्रेन’, बस्स. मागे ‘अप’ आला तर खिडक्या-दारं फळ्या ठोकून बंद करणं. कर्म कुत्रा किंवा मांजर असेल तर धनी परगावी असताना प्राण्याला पैसे देऊन कोणाकडे ठेवणं. आणि समुद्रावर चाचे किंवा तटरक्षक असतील तर जबरदस्तीने दुसऱ्याच्या जहाजावर चढणं. शत्रूच्या जहाजाला आपली बाजू भिडवून वर उडी मारायची, हाच या क्रियापदाचा जुना अर्थ. बोर्डिंग पास दाखवून शांतपणे रांगेत जाणारे आपण त्या चाच्यांचे फारच सौम्य वंशज.

पायरी सहावी: वाक्प्रचारांना मराठी वाक्प्रचारच द्या

‘अक्रॉस द बोर्ड’ला आपल्याकडे तयार शब्द आहे: सरसकट. मूळ अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीतलं, एकाच घोड्यावर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकासाठी सारखीच रक्कम लावणं. ‘सर्व फलकांवर वाढ’ असं कुठे वाचलंत तर समजा की अनुवाद यंत्राने केला आहे. पगारात सरसकट वाढ झाली, इतकंच.

‘गो ओव्हरबोर्ड’ म्हणजे वाहवत जाणं, अति करणं. नुसतं ‘ओव्हरबोर्ड’ मात्र खरोखर जहाजावरून पाण्यात, तेव्हा ‘मॅन ओव्हरबोर्ड’ ऐकलं तर कोणी अति करतंय असं समजून हसू नका. ‘गो बाय द बोर्ड’मध्येही जहाजच आहे: डोलकाठी मोडून बाजूवरून समुद्रात पडली. आपल्याकडे योजना बारगळते, शिस्त धाब्यावर बसते, बेत पाण्यात जातो. यातला कुठलाही चालेल, आणि शेवटच्यात तर पाणीही शाबूत राहतं.

‘बॅक टु द ड्रॉइंग बोर्ड’ तुलनेने तरुण आहे. तो रुळला तो 1941 मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ या अमेरिकी नियतकालिकात आलेल्या पीटर आर्नो यांच्या व्यंगचित्रामुळे: मागे विमान कोसळलेलं आणि आराखड्याची गुंडाळी काखेत मारून अभियंता शांतपणे निघालेला. आपण म्हणू, ‘पुन्हा श्रीगणेशा.’

पायरी सातवी: मराठी शब्द निवडा

संस्था असेल तर मंडळ. समिती, आयोग आणि परिषद हे शब्द ‘कमिटी’, ‘कमिशन’ आणि ‘काउन्सिल’साठी राखून ठेवा, नाहीतर एकाच कागदात चौघांची खिचडी होते. शिकवायचा तो फळा, जाहीर सूचनेचा तो फलक, नावाची ती पाटी, खेळाचा तो पट, सुताराची ती फळी. सर्किट बोर्ड आणि मदरबोर्ड तसेच ठेवा. कीबोर्डसाठी ‘कळफलक’ हा नेटका शब्द आहे, मी टंकलेखनाच्या संदर्भात बिनदिक्कत वापरतो. पियानोच्या बाबतीत मात्र जीभ अडखळते, तिथे पट्ट्याच म्हणतो.

ऐकताना आणखी एक खड्डा आहे. कंटाळलेला या अर्थाचं ‘बोअर्ड’ आणि हा ‘बोर्ड’ इंग्रजी कानाला एकच. ‘द बोर्ड वॉज बोअर्ड’ हे वाक्य म्हणूनच इंग्रजी माणसाला विनोद वाटतं.

आता हे एक वाक्य सोडवून बघू. मुद्दाम रचलेलं आहे, पण अशक्य नाही: ‘द कॅप्टन केम ऑन बोर्ड, लुक्ड ॲट द बोर्ड, अँड सॉ दॅट द बोर्ड हॅड कट द क्रूज बोर्ड.’

पहिल्या ‘बोर्ड’ला ‘द’ नाही, म्हणजे जहाज. दुसऱ्याला ‘द’ आहे आणि कप्तान त्याच्याकडे बघतो आहे, म्हणजे सूचनाफलक. तिसरा कर्ता आहे आणि निर्णय घेतो आहे, फळी निर्णय घेत नाही, म्हणजे मंडळ. चौथा ‘क्रूज’, म्हणजे खलाशांच्या मालकीचा आहे आणि तो ‘कट’ झाला आहे. मंडळ एखादी गोष्ट कापतं तेव्हा ती बहुधा पैशाची किंवा सवलतीची असते, म्हणून जेवण. ‘कप्तान जहाजावर आला, त्याने फलक पाहिला, तेव्हा त्याला कळलं की संचालक मंडळाने खलाशांच्या जेवणाला कात्री लावली आहे.’

आता तिसऱ्या ‘बोर्ड’च्या जागी ‘कार्पेंटर’ घाला आणि चौथा पुन्हा वाचा.